डबा नांदेडला, कॉम्प्युटर लातूरला

१६ जून, लातूर

गॅस अजून आला नाही, पण कॉम्प्युटर आला. धाकट्या भावानं, रेणुकादासनं, नांदेडहून जीपमध्ये दोन गाद्यांच्या मधे बसवून आणला, नवी नवरी आणावी तसा. "अक्का, याला पाणी लागू देऊ नको, धूळ लागू देऊ नको." मला काय लागू द्यायचं नाही ते कुणी सांगितलं नाही. दुपारी स्टोव्हवर पिठलं केलं, भात खालून लागला.

मार्चमध्ये रेणापूरच्या शाळेतून रिटायर झाले. जन्मभर पोरींना शिवणकाम शिकवलं, वाटलं आता गुमान पाय पसरून बसावं. तर या धाकट्या भावाचा फोन. "यज्ञेशला लातूरला टाकतोय, अकरावी-बारावी. मेडिकलचं बघायचंय. मनस्विनीला शाळेतून रजा नाही, मला कॉलेजच्या ऑफिसातून नाही. तू काय, मोकळीच आहेस." भावजय शाळेत नोकरीला, अन् मी मोकळी! लग्न न केलेली बाई म्हणजे यांना रिकामं पोतं वाटतं, हवं ते भरा.

तर आता बसलिंगप्पांच्या घरावरच्या खोलीत मी अन् माझा भाचा. शेजारच्या तीन खोल्यांत तीन आया आपापल्या पोरांना घेऊन राहिल्यात, नवरे गावाकडं. आत्या मी एकटीच. खाली बसलिंगप्पा अन् त्यांची बायको शरणम्मा. शरणम्मांचं माहेर किल्लारीच्या अंगाचं. भूकंपात माहेरचं कुणी उरलं नाही, तेव्हापासून त्या स्लॅबखाली झोपत नाहीत, अंगणात पत्र्याखाली झोपतात. आम्हाला मात्र भाड्यानं स्लॅबवर चढवलंय. मी म्हटलं तसं, तर म्हणाल्या, "तुमी शिकलेली मानसं बाई, तुमाला न्हाई भ्या वाटत."

३ जुलै

यज्ञेश सकाळी सहाला जातो, दुपारी येतो, जेवतो, परत जातो. सगळ्या लातूरची पोरं सायकलवर पाठीला ओझं लावून एकाच दिशेला जातात. मी खिडकीतून बघते. हसणारं एक दिसेल तर शपथ.

संध्याकाळी मात्र करमणूक असते. माझ्या डबड्या फोनवर नांदेडहून मालविकाचा फोन येतो. मालविका म्हणजे यज्ञेशची बहीण, सातवीत आहे, जिभेला हाड नाही. दोघं फोनवर नुसते भांडतात. विषय एकच. त्यांच्याकडं टीव्हीला लावायचा खेळाचा डबा आहे, दोन रिमोटवाला. रेणुकादासनं निवाडा केला, "डबा म्हणजे खेळ, तो नांदेडला राहील. कॉम्प्युटर म्हणजे अभ्यास, तो लातूरला जाईल." मला तर बरोबरच वाटलं. दोन लेकरं, दोन यंत्रं, एकेकाला एकेक. यापेक्षा चोख वाटणी भावकीत कुणी करून दाखवावी.

पण यांचं भांडण मिटेना. मालविका म्हणते, डबाच भारी. तबकडी घातली की चालू, गादीवर लोळत खेळता येतं, दोघांना एकाच पडद्यावर खेळता येतं. यज्ञेश म्हणतो, डबा बाळबोध लोकांसाठी. कॉम्प्युटरवर चित्र किती स्पष्ट, माउसनं नेम किती अचूक लागतो, खेळ आपल्याला हवा तसा बदलूनही घेता येतो. ती म्हणते, "बदलत बस एकटाच!" हा म्हणतो, "तू बटणं बडवत बस!" मग दोघं गप्प. मग परत पहिल्यापासून.

मी विचारलं, "अरे, इतकं आहे तर तू तुझ्यावरून खेळ, ती तिच्यावरून खेळेल. आता सगळं वायरीतून जातंच की."

"नाही जुळत आत्या. आमचा खेळ असा आहे की डब्यावाले डब्यावाल्यांशीच खेळतात, कॉम्प्युटरवाले कॉम्प्युटरवाल्यांशी."

म्हणजे सोवळंओवळं तिथंही आहेच. मला हसूच आलं. तो हसला नाही.

१९ जुलै

आज माझं डोकंच फिरलं. भाकरी तव्यावर, फोन याच्या कानाला, अन् हा ओरडतोय, "तुझा डबा फेकून दे!" पलीकडून ती रडायला लागलेली मला चुलीपाशी ऐकू आली. पाठच्या बहिणीशी असं बोलतात? आमच्या वेळी रेणुकादासनं मला असं म्हटलं असतं तर आईनं चिमटा तापवला असता.

रेणुकादासचा फोन आला तेव्हा सांगून टाकलं. "रोज कलागत चालते बाबा. लेकरांची मनं फाटतील."

तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. अभ्यासाचं पण वाटोळं. आता फक्त रविवारी, अन् पाच मिनिटं. घड्याळ लावून."

मी म्हटलं बरं. घरात शांती तर होईल.

११ ऑगस्ट

शांती झाली. इतकी झाली की मला बेजार वाटून राहिलंय.

यज्ञेश जेवताना बोलत नाही. काय रे, भाजी खारट आहे का? नाही. अळणी आहे का? नाही. मग आहे कशी? चांगली आहे. अशा पोराशी कुणी काय बोलावं! कानाला मोठे हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसतो. क्लासनं लेक्चरच्या सीड्या दिल्यात म्हणे. शेजारच्या खोलीतल्या मुखेडच्या बाई दारातून डोकावून म्हणाल्या, "तुमचं पोरगं किती बसतं हो! आमचा बूड टेकत नाही." मला अभिमान वाटला. का वाटू नये?

रविवारी पाच मिनिटं फोन झाला. दोघांनी एकमेकांना "कशी आहेस, बरा आहे" विचारलं, पाहुण्यारावळ्यांसारखं. भांडण अजिबात नाही. मी रेणुकादासला कळवलं, सुधारणा आहे.

२ सप्टेंबर

क्लासमध्ये परीक्षा झाली की मार्कांवरून पोरांच्या तुकड्या बदलतात. हा अ मधून ब मध्ये गेला. मी शिरा केला होता, तो तसाच राहिला. मी त्याच्या सरांना भेटायला गेले, तर तिथला माणूस म्हणाला, "पालकांना पाठवा." मी म्हटलं, मी कोण दिसते? आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, तसली माझी गत. सही चालते माझी, शब्द चालत नाही.

१७ सप्टेंबर

आज सकाळी मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला शेजारची पोरं गेली, हा गेला नाही. कपाळाला हात लावला, ताप नाही. मी शेजारी बसले. म्हटलं, "काय खुपतंय रे सोन्या? सांग ना मला. मी कुणाला नाही सांगत."

म्हणाला, "आत्या, डबा असता तर बरं झालं असतं."

"अन् कॉम्प्युटरचं ते कौतुक? नेम काय, चित्र काय?"

"ते मालूला चिडवायला म्हणायचो."

एवढं बोलून पांघरूण ओढून घेतलं. चला, बिमारी तरी सापडली.

२२ ऑक्टोबर, नांदेड

नवरात्रात माहूरला जाऊन आलो. रेणुकामाता आमचं कुलदैवत, भावाचं नाव तिच्यावरूनच. दरवर्षी सगळे जातात. यंदा यज्ञेशची परीक्षा, म्हणून तो लातूरलाच, शरणम्मांच्या हातचं खाऊन. डोंगर चढताना मालविका माझा हात धरून होती. विचारत होती, "दादा जेवतो का? दादा माझं नाव काढतो का?" म्हटलं, "काढतो की." देवीपुढं मी त्याच्या मार्कांसाठी काही मागितलं नाही. पोराला परत बोलतं कर म्हटलं.

मागणं मागून हात जोडून बसणारी मी नाही. उद्या सकाळी निघायचं आहे. रेणुकादास ऑफिसात जाईल, मनस्विनी अन् मालविका शाळेत. डबा चिवड्याच्या पिशवीत बरोबर मावतो, मी मापून पाहिलंय. मालविकाला आधी सांगायचं का? उगाच रडारड होईल. लहान आहे, चार दिवसांत विसरेल.

भावाच्या घरात चोरी करायची वेळ आली या वयात! पण पोराच्या तोंडावरचं हसू बघायचंय मला. मग काय बोलायचं ते बोला.

२३ ऑक्टोबर, लातूर

कसं लिहू? करायला गेले काय अन् झालं काय.

यज्ञेश क्लासहून आला. मी म्हटलं, डोळे मीट. मीटले. डबा, वायरी, दोन्ही रिमोट त्याच्या गादीवर मांडले. म्हटलं, उघड. त्यानं उघडले. आधी चेहरा फुलला, मी पाहिला, खोटं नाही सांगत. मग त्यानं दाराकडं पाहिलं. जिन्याकडं पाहिलं.

"मालू आलीय?"

"नाही रे. ती कशाला येईल, शाळा आहे तिची."

"मग डबा इथं कसा?"

"मी आणला! गुपचूप! तुझ्यासाठी!"

तो खाली बसला. "आत्या," म्हणाला, "आता ती कशावर खेळणार?"

अन् रडला. सोळा वर्षांचं पोरगं, मिसरूड फुटलेलं, गुडघ्यात डोकं घालून रडलं. मी म्हटलं, तूच तर म्हणालास डबा पाहिजे. तर नुसती मान हलवत राहिला. मला काही कळेना. मागितलं ते दिलं तरी रडायचं, मग माणसानं करावं तरी काय?

नांदेडला फोन केला. मनस्विनी म्हणाली, मालविका फोनवर यायला तयार नाही, पोट दुखतंय म्हणते. डब्याबद्दल कुणी काही बोललं नाही. म्हणजे पोरीनं आई-बापाला सांगितलेलंच नाही.

१८ नोव्हेंबर

दिवाळीला आम्हाला जाता आलं नाही, क्लासला तीनच दिवस सुट्टी, त्यात जादा तास. मनस्विनी अन् रेणुकादास एक दिवस येऊन गेले. मालविका आली नाही. आजोळी गेली म्हणे. डबा मी आधीच धान्याच्या पिंपामागं ठेवला होता. रेणुकादासनं कॉम्प्युटरवर बोट फिरवून पाहिलं, धूळ नव्हती, खूश झाला. "स्वच्छ ठेवलाय अक्का तू." स्वच्छ असणारच, मी रोज पुसते.

यज्ञेश क मध्ये गेलाय, हे त्यानं बापाला स्वतः सांगितलं. रेणुकादास ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बेटा, आम्ही सगळे तुझ्यासाठी किती करून राहिलोय. आत्या बघ, या वयात." मला का मधे घातलं? मी तोंड उघडलं, तर मनस्विनीनं डोळ्यांनी खुणावलं. तिचेही डोळे भरलेले होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

२ डिसेंबर

यज्ञेशनं डबा काढला. वायर कॉम्प्युटरच्या पडद्याला लावली. मी पोळ्या लाटता लाटता बघत होते, जीव जरा हलका झाला. पडद्यावर दोन माणसं, एक निळं, एक लाल. निळं पळतंय, उड्या मारतंय, वाटेतलं गोळा करतंय. लाल एका जागी उभं.

"हे का रे थांबलंय?"

"त्याला चालवायला कुणी नाही."

"आण इकडं, मी चालवते." पिठाच्या हातानं दुसरा रिमोट घेतला. मी दोनदा पाण्यात पडले, एकदा भिंतीवर आपटले. मला वाटलं, हसेल. त्यानं माझ्या हातातून रिमोट हळूच काढून घेतला. "नको आत्या. मालूचं आहे ते. तिनं जिथं सोडलंय तिथंच राहू दे."

लाल माणसाला परत होतं तिथं नेऊन ठेवलं. मग निळं माणूस पुढं गेलं, थोडं लांब जाऊन परत आलं, अन् लाल माणसाच्या शेजारी उभं राहिलं. तसंच चालू ठेवून हा बसून राहिला. असला कसला खेळ!

९ डिसेंबर



संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मी खाली शरणम्मांकडं दही मागायला गेले होते. आधी वाटलं ट्रक गेला. मग पत्रा वाजला, मांडणीतली भांडी वाजली. शरणम्मा ओरडल्या, "भाईर व्हा! लेकरं भाईर काढा!" त्या बाईचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिन्ही आया पोरांना ओढत जिन्यावरून खाली. सगळी गल्ली रस्त्यावर. मी बघते, यज्ञेश नाही.

मी वर धावले. शरणम्मांनी माझा पदर धरला, "बाई नगा जाऊ!" तो सोडवला. खोलीत हा हेडफोन लावून, माझ्याकडं पाठ करून बसलेला, समोर डबा चालू. हाका मारल्या. ऐकेना. खांदा धरून ओढला.

"भूकंप आहे मुडद्या! ऊठ!"

"आत्या, सेव्ह करू दे. मालूचं जाईल."

"अरे जीव जाईल!"

"तू जा खाली," म्हणाला. शांत. जसं काही मी दळण आणायला निघालेय. "तू जा आत्या, मी येतो. नाही आलो तरी चालेल."

मी थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा कुणाच्या लेकरावर हात उचलला. मग ओढत खाली आणला. तोवर सगळं थांबलं होतं. कुठं तडा नाही, काही नाही, लोक हसत चहा प्यायला लागले. शरणम्मा अंगणात बसून राहिल्या, त्यांनी यज्ञेशला जवळ ओढलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला म्हणाल्या, "ह्याला घरी न्या बाई. ह्या लेकराला घरी न्या."

१० डिसेंबर

सकाळी सगळं रेणुकादासला सांगितलं. डबा आणल्याचं, तो बाहेर न आल्याचं, "नाही आलो तरी चालेल" म्हणाल्याचं. म्हटलं, "दासू, ऐक माझं. घेऊन जा त्याला. नांदेडला क्लास नाहीत का? डॉक्टर नाही झाला तर काय आभाळ कोसळतंय?"

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अक्का, या खेळापायी पोरगं जिवावर उदार झालंय, अन् तू तो खेळ स्वतःच्या हातानं नेऊन दिलास?"

खरंच होतं ते. पण ते नव्हतंही. मला नीट सांगताच आलं नाही.

१२ डिसेंबर

रेणुकादास आला. डबाही नेला, कॉम्प्युटरही नेला. डबा मालविकाला देणार नाही, कपाटात कुलपात ठेवणार म्हणाला. "दोघांचाही नाद सुटेल." यज्ञेशनं वायरी गुंडाळून दिल्या, बापाला जिन्यावरून उतरवायला मदत केली. मी मधे उभी राहिले. म्हटलं, पोराला ने अन् यंत्रं राहू दे इथं. रेणुकादास माझ्या पाया पडला. "अक्का, अजून सव्वा वर्ष. एवढं निभावून दे." पाया पडणाऱ्याला काय म्हणावं, भांडणाऱ्याला तरी काही म्हणता येतं.

जीप गेली. यज्ञेश म्हणाला, "आत्या, टेबलावर जागा झाली." अन् पुस्तकं मांडायला लागला.

६ जानेवारी

आज रविवार. फोनचा दिवस. इतके रविवार मालविका फोनवर येत नव्हती, आज आली. मी गॅसवर चहा ठेवला होता, मुद्दाम पाठ फिरवून उभी होते.

यज्ञेश हळू आवाजात बोलायला लागला. "मी पुलावर आहे. तू कुठंयस?" मी दचकले. हे काय! वळून बघितलं तर पोरगं भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेलं. एका हातानं फोन कानाला, दुसऱ्या हाताचा अंगठा मांडीवर हलतोय. "हां, ये. हळू. पाणी आहे खाली. आता उडी. लागली का? परत मार... हां! आलीस! आता माझ्या मागं मागं राहा." अन् हसला. हसला! जूनपासून पहिल्यांदा मी ते दात पाहिले.

ना डबा, ना कॉम्प्युटर, ना पडदा. मला भीती वाटली. पोराच्या डोक्यावर तर परिणाम नाही झाला? शरणम्मांना बोलवावं का? रेणुकादासला सांगावं का? तेवढ्यात घड्याळाकडं लक्ष गेलं, पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. रेणुकादास पलीकडं घड्याळ लावून बसलेला असतो, नंतर मलाच बोलतो. मागच्या वेळी मी माझ्या मनानं एक गोष्ट केली, तिचं काय झालं ते पाहिलंय. आता आपलं डोकं चालवायचं नाही, सांगितलं तेवढं करायचं, असं ठरवलंय मी.

मी हात पुढं केला. यज्ञेशनं डोळे उघडले. फोन माझ्या हातात दिला.

फोन ठेवायला म्हणून कानाशी नेला. पलीकडं मालविकाला काही माहीत नव्हतं. धापा टाकत होती, खरंच कुठून पळत आल्यासारखी. "दादा, दोन वाटा आल्या. कुठं जाऊ? दादा? डावीकडं का उजवीकडं? सांग ना लवकर!"

मला फोन ठेववेना. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "उजवीकडं जा, बाळा."

ती एकदम थांबली.

"आत्या, तिकडं खड्डा आहे," म्हणाली. "दादाला दे ना."

मी फोन त्याच्यापुढं धरला. म्हटलं, घे रे, बोल, काय पाहिजे तेवढं बोल, तुझ्या बापाला मी बघून घेते. तो तोवर टेबलाशी जाऊन बसला होता. पुस्तक उघडलेलं होतं.

"पाच मिनिटं झाली आत्या," म्हणाला, अन् पान उलटलं.